राखून ठेवलेले टायर

रोज सकाळी, चहाच्या आधी, पुंजाजी अंभोरे आपल्या जीपच्या टायरमधले खडे काढत. घमेलं पालथं घालून त्यावर बसायचं, मूठ तुटलेला पेचकस हातात घ्यायचा आणि पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची. खाचांमध्ये अडकलेला एकेक खडा ते पेचकसाच्या टोकानं उचकून काढत आणि शेजारच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत. टण् असा आवाज होई. घरात त्यांची बायको बेबीताई त्या आवाजावरून चहाचा अंदाज घेत असे. आवाज गोठ्याच्या बाजूनं यायला लागला की तिसरं चाक. मग आधण ठेवायचं.

खडे संपले की ते डावा तळहात टायरच्या बाजूवरून सावकाश फिरवत. डोळ्यांना न दिसलेला काप हाताला लागतो, असं त्यांचं म्हणणं. काप सापडला की त्याच्या दोन्ही टोकांना खडूनं रेघ ओढून ठेवत. दुसऱ्या दिवशी काप रेघेबाहेर गेलेला दिसला तर ते चाक काढून स्टेपनीला. त्यामुळे त्यांच्या जीपच्या टायरवर नेहमी पांढऱ्या रेघा असत, आणि किन्हीराजात कोणी ना कोणी विचारतच असे, "काय पुंजाजी, झाली का चाकाईची हजेरी?"

खाचेतला खडा तसाच राहिला तर चाक फिरेल तसा तो आत आत सरकतो आणि एक दिवस ट्यूबपर्यंत पोचतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी बारा वर्षं ते गिट्टीखदानीवर ट्रॅक्टर चालवत होते. दगड रबराचं काय करतो, ते तिथं रोज दिसत होतं. पुढे ही जुनी जीप घेतली आणि किन्हीराजा ते मालेगाव सवाऱ्या नेऊ लागले. खदान सुटली, सवय राहिली.

तशी त्या डांबरी रस्त्यासाठी एवढ्या काळजीची गरज नव्हती. काळजी होती ती पांगरखडा तांड्याच्या वाटेसाठी. गावापासून तांडा पाच किलोमीटर. त्यातली पहिली दोन किलोमीटर काळ्या मातीची पांदण. पांदण संपते तिथं एक पळस आहे. पळसापासून वर सगळा बरड. मुरूम दर पावसाळ्यात वाहून जातो आणि खालचा काळा दगड धार वर करून उघडा पडतो. पांदणीत गाडी ओढून न्यायला खोल दातांचा टायर लागतो, आणि वरच्या गोट्यावर, म्हणजे त्या काळ्या दगडावर, तेच दात तुटतात. गोट्यावर टिकणारा जाड, गुळगुळीत टायर पांदणीत जागच्या जागी फिरत बसतो. एकाच वाटेला दोन प्रकारची चाकं लागावीत, अशी ती वाट. मृगापासून दसऱ्यापर्यंत तिथं पुंजाजींच्या जीपशिवाय दुसरं चारचाकी वाहन जात नसे. रस्ता मंजूर झाल्याचा फलक पळसाजवळ उभा होता, आणि फलकावरची अक्षरं उन्हानं पुसत चालली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांचा मुलगा धम्मपाल पुण्याहून आला तो चार टायर घेऊन. तो तिकडे एका गोदामात सुपरवायझर आहे. ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून आणलेले टायर त्यानं मालेगावच्या फाट्यावर उतरवले, तेव्हा बघायला माणसं जमली. चिखलात चालण्यासाठीच बनवलेले ते टायर होते. मुठीएवढे रबराचे गट्टे, दोन गट्ट्यांमध्ये चार बोटं जातील एवढी खाच.

"बाबा, पांदणीत आता कुठीच फसत नाही तुमी," धम्मपाल म्हणाला.

पुंजाजींनी एका गट्ट्यावर अंगठा दाबून पाहिला. रबर दबलं आणि परत वर आलं. त्या संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या चार जणांना घरी बोलावून टायर दाखवले.

आणि मग ते टायर त्यांनी बांधून ठेवले.

यात त्यांचा हिशेब होता. त्या वेळी तांड्याला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या होत. बाकी सगळा धंदा डांबरावर. चिखलाचे टायर डांबरावर घासून वाया घालवायचे कशाला? खरा कठीण पावसाळा येईल तेव्हा काढू. त्यांनी प्रत्येक टायर खताच्या धुतलेल्या पोत्यात घातला, वरून प्लास्टिक गुंडाळलं, आणि चारही एकावर एक रचून मागच्या टिनाच्या खोलीत ठेवले. उभ्या विहिरीसारखी ती चळत दिसे. बेबीताईच्या एका कोंबडीनं त्या विहिरीत अंडी घालायला सुरुवात केली.

रविवारी धम्मपालचा फोन येई. "टायर कसे चालून राह्यले, बाबा?"

"एक नंबर," पुंजाजी म्हणत.

पहिल्यांदा ते असं म्हणाले तेव्हा बेबीताईनं मान वर करून पाहिलं होतं. पोराला वाईट वाटेल म्हणून बोललेला शब्द होता. नंतर दर रविवारी तोच शब्द म्हणावा लागला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तीन उन्हाळे त्या टिनावरून गेले. वैशाखात त्या खोलीत दुपारी उभं राहवत नसे. कोंबडीसुद्धा तेवढे दोन महिने दुसरीकडे जाई.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या आधीच निताचं दुखणं सुरू झालं होतं.

निता पांगरखडा तांड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस होती. वय तिशीच्या आतलं. गेल्या वर्षी कार्तिकात तिच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी वाशिमला जावं लागे. नवरा सोमला दरवर्षी ऊसतोडीला जात असे, त्या वर्षापासून तो गेला नाही. पुंजाजी सकाळी सातला तांड्यावर जीप नेत, दोघांना मालेगावच्या स्टँडवर सोडत. तिथून एसटी. संध्याकाळी पाचला ते स्टँडवर थांबलेले असत. उन्हाळ्यापर्यंत कधीकधी सोमलानं तिला मोटरसायकलवरही नेलं. मृगाच्या पहिल्या आठवड्यात पांदणीत गाडी आडवी झाली आणि ज्या हातात सुई टोचतात त्याच हातावर निता पडली. हात वाचला. पण डॉक्टरांनी मोटरसायकल बंद केली. दसऱ्यापर्यंत तिचं खाली उतरणं पुंजाजींच्या चार चाकांवर आलं.

पुंजाजींचं आणि निताचं जमत असे. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. प्यायलेलं पाणी अंगात साठतं, वजन वाढतं, आणि यंत्रावर घेण्याआधी दवाखान्यात वजन करतात तेव्हा चोरी उघडी पडते. निता जीपमध्ये चढली की पुंजाजी मागे वळून बघत.

"आज दोन किलो जास्त हाय."

"काहीबाही बोलता, काका. घोट घोट तं पेली."

"मले कायले सांगतं? टायर बसलं ना खाली. टायरले समजते तू किती पाणी पेलीस."

"मंग त्या टायरलेच नेत जा वाशिमले, सुया टोचाले."

सोमला हसे. संध्याकाळी परत येताना निता स्वतःच वजन सांगे. अंदाज बरोबर निघाला तर पुंजाजी एकदा हॉर्न वाजवत.

आषाढात पाऊस लागला तो थांबेना. जुने टायर गुळगुळीत झालेले. दोनदा जीप पांदणीत रुतली, दोनदा तांड्याच्या माणसांनी ढकलून काढली. दुसऱ्या वेळी निताचा यंत्रावरचा नंबर जाता जाता राहिला. त्या संध्याकाळी पुंजाजी चिखलानं माखून घरी आले, तेव्हा बेबीताई म्हणाली, "ते नवे कोणासाठी ठेवले? तुमच्या वरातीसाठी?"

"काढतो उद्या."

"उद्या नाई. कोंबडी मी आत्ताच उठवतो."

दुसऱ्या दिवशी चारही टायर घेऊन ते मालेगावला धनराजच्या दुकानात गेले. धनराज त्यांच्याच वयाचा. वीस वर्षांपासून त्यांच्या जीपचं एकही चाक त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ दिलं नव्हतं. त्यानं प्लास्टिक फाडलं, टायर उभा केला, आणि गट्ट्याच्या मुळाशी नखानं खरवडलं. मग टायर उजेडाकडे फिरवून दोन्ही हातांनी वाकवला. गट्ट्याच्या बुडाशी केसाएवढ्या बारीक भेगा उघडल्या. त्यानं टायर सोडला, भेगा मिटल्या.

"अबे पुंजाजी, कुठी ठेवले होते हे?"

"घरी. बांधून. नवे कोरे हायत, एक किलोमीटर नाई चालले."

"चालले नाई म्हणून नवे? हे पाय, याच्या अंगावर साल लिहेल असते." त्यानं बोटानं चार आकडे दाखवले. "अन् हे रबर पाय. टिनाखाली ठेवले व्हय?"

पुंजाजींनी त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"वाळले ना बाप्पा. वापरले असते तं येवढे नसते वाळले."

"लुगडं पेटीत ठेवलं तं वाळते का?"

"तुह्या बायकोची पेटी टिनावर ठेवून पाय तीन उन्हाळे, मंग मले सांग." धनराज हसला, पण समोरच्याचा चेहरा बघून थांबला. हात पुसत तो म्हणाला, "चिखलात पळतीन. तिथी काई अडचण नाई. वरच्या गोट्याचा भरवसा मी देत नाई."

"दसऱ्यापर्यंत टिकतीन?"

"तुले सांगू का? कोरे असते तरी त्या बरडावर यायचे दात गेले असते. चिखलाचं टायर हाय ते, गोट्याचं नाई. आता तं वाळेल हाय. तू पाह्यजो."

जुन्या टायरवर अजून काही दिवस निघतील का, हे त्यांनी विचारलं. दोन टायरच्या आत गेटर लावले तर, धनराज म्हणाला. गेटर म्हणजे दुसऱ्या मेलेल्या टायरचा कापलेला तुकडा, आतून अस्तरासारखा बसवायचा. गोट्यावर चालेल, पांदणीत नाही. पुंजाजींनी तेही करून घेतलं आणि जुने टायर घरी आणून भिंतीला टेकवून ठेवले. त्यावर त्यांनी काही झाकलं नाही.

नव्या टायरनी पहिला आठवडा फार सुखाचा दाखवला. जीप पांदणीत शिरली की चिखल चारी बाजूंनी उडे आणि गट्टे माती पकडत, टाकत पुढे जात. पळसापर्यंत गिअर बदलावा लागला नाही. निता म्हणाली, "काका, आज तं नवरदेवाची गाडी वाटून राह्यली." रविवारी धम्मपालनं विचारलं आणि पुंजाजी म्हणाले, "एक नंबर." त्या रविवारी ते खरं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी खडे काढताना मागच्या उजव्या चाकाचा एक गट्टा बुडापासून गेलेला दिसला. जागा सपाट होती, कडेला रबर चुरगळलेलं. खडूनं रेघ कुठं ओढायची, ते त्यांना कळेना. शुक्रवारी आणखी तीन गेले. पुढच्या मंगळवारी निता जीपमध्ये चढताना पदराच्या गाठीतून काळा तुकडा काढून पुढे करत म्हणाली, "काका, हे तुमचं पडलं होतं. वरच्या पायरीपाशी."

बरडावर दगडाच्या एका सलग धारेला सगळे पायरी म्हणत. पुंजाजींनी तुकडा घेतला. घरी येऊन त्यांनी तो खड्यांच्या डब्यात टाकला. आवाज आला नाही. पुढे डब्यात खडे कमी आणि रबर जास्त पडू लागलं, आणि बेबीताईचा चहाचा अंदाज चुकू लागला.

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी निता आणि सोमलाला घेऊन खाली येताना मागचं उजवं चाक पायरीवर बाजूनं फाटलं. मोठा आवाज झाला नाही. कुणीतरी लांब श्वास सोडावा तसं झालं आणि जीप एका बाजूला बसली. पाऊस होता. सोमलानं आणि त्यांनी स्टेपनी चढवली. शंभर पावलांवर मागचं डावंही गेलं. दुसरी स्टेपनी नव्हती, आणि त्या वाटेवर फोन लागत नसे.

सोमला वर पळाला. तांड्यावरून सहा माणसं बाज घेऊन आली. निताला बाजेवर बसवून, वर ताडपत्री धरून त्यांनी बाज खांद्यावर घेतली. बरड उतरायला तास गेला. पांदणीत गुडघाभर चिखल, बाज सारखी कलत होती. पुंजाजी बाजेच्या मागून चालत होते. एकदा त्यांनी खांदा द्यायला हात पुढे केला, तेव्हा एक जण म्हणाला, "काका, तुमी राहू द्या." म्हणणाऱ्याच्या मनात वयच होतं. पण पुंजाजींनी ते वेगळं ऐकलं.

वाशिमला पोचेपर्यंत दुपार झाली होती. तिच्या जागी दुसऱ्या पेशंटला घ्यावं लागलं होतं. शनिवारी सकाळचा नंबर मिळाला. तोवर निता व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून राहिली. आडवं झालं की तिचा श्वास अडके. छातीतून खळखळ आवाज येई, हुक्क्यातल्या पाण्यासारखा. पुंजाजी समोरच्या बाकावर बसून होते. सोमलानं घरी जायला सांगितलं, ते उठले नाहीत. दोन-तीनदा त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या दिवाळीत दाबलं तेव्हा रबर परत वर आलं होतं.

शनिवारी यंत्रावरून उतरल्यावर निताला बोलता येऊ लागलं. आधी तीच बोलली. "काका, या खेपेले मी नाई, तुमच्या टायरनंच लय पाणी पेलं."

पुंजाजी हसले नाहीत. "मी लय उशीर केला, माय," ते म्हणाले. निताला ते शुक्रवारच्या उशिराबद्दल वाटलं.

रविवारी धम्मपालचा फोन आला.

"टायर कसे?"

"एक नंबर," पुंजाजी म्हणाले, आणि फोन बेबीताईकडे दिला.

फोन ठेवल्यावर बेबीताई म्हणाली, "सांगून टाका ना त्याले. आपलाच पोरगा हाय."

"काय सांगू? तुह्या आणलेल्या टायरीत कोंबडी बसवली म्हणून सांगू?"

नवे टायर आणायचे तर जीप तेवढे दिवस उभी राहिली असती, आणि कोणते आणायचे, हाही प्रश्न होताच. चिखलाचे आणले तर बरडावर हेच होणार. दोन दिवस ते ओट्यावर बसून विचार करत होते. मग त्यांनी जे ठरवलं ते ऐकून धनराजनं कपाळावर हात मारला. आधीच्या पुढच्या चाकांवरचे दोन चिखलाचे टायर अजून धड होते. ते मागे आणायचे, कारण जोर मागच्या चाकांचा. पुढे जुनेच. आणि गेटर लावलेली दोन जुनी चाकं जीपच्या टपावर बांधायची. पांदणीतून चिखलाच्या टायरवर जायचं. पळसाखाली थांबून मागची दोन्ही चाकं बदलायची आणि गेटरच्या चाकांवर बरड चढायचा. उतरताना पळसाखाली पुन्हा बदलायची. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा.

"येका दिवसात आठ चाकं?" धनराज म्हणाला. "तुही उमर काय, तू करतं काय?"

"हप्त्यातून दोनच दिवस हाय."

"अन् दसऱ्याले दीड महिना हाय."

"म्हणूनच तं करून राह्यलो."

त्यांनी ते केलं. पळसाखाली त्यांनी एक सपाट दगड रोवून घेतला, जॅक चिखलात बुडू नये म्हणून. निता जीपमधून उतरून फलकाच्या बुडाशी बसे. सोमला चाक उतरवे, पुंजाजी नट आवळत. पहिल्या दिवशी एका खेपेला पाऊण तास लागला, नंतर पंचवीस मिनिटं. बरडावर ते जीप माणसाच्या चालीनं नेत. पायरी आली की उतरून दगड बघत, कुठून चाक न्यायचं ते ठरवत, पुन्हा चढत. घरी आल्यावर डावा हात खांद्यापासून दुखे.

"दवाखान्यात दाखवा तुमी," बेबीताई म्हणे.

"पान्ह्याचं दुखणं हाय ते. जोर लागते ना."

सकाळचं काम आता जास्त वेळ चाले, कारण चार नाही, सहा चाकं होती. बेबीताई चहा दोनदा गरम करी. श्रावण संपला. भाद्रपद आला. एकही मंगळवार चुकला नाही, एकही शुक्रवार चुकला नाही. चिखलाच्या टायरचे गट्टे आता तुटत नव्हते, कारण त्यांना दगड दाखवलाच जात नव्हता. निताचं वजन बरोबर राहू लागलं. वाशिमच्या नर्सनं तिला विचारलं, पाणी सोडलं का. निता म्हणाली, "सोडलं नाई. एक म्हातारा मोजून राह्यला."

संध्याकाळी तिला सोडून पुंजाजी परत निघाले की निता तांड्याच्या कडेला उभी राहून खाली बघत असे. सोमला पळसापर्यंत त्यांच्यासोबत जाई, चाकं बदलून पायी वर येई. वरून जीपचे दिवे दिसत. पळसापाशी ते थांबत, आणि थोड्या वेळानं पांदणीतून गावाकडे सरकू लागत. दिवे सरकले की ती घरात जाई.

भाद्रपदातल्या शेवटच्या शुक्रवारी यंत्रावरून उतरल्यावर तिला चक्कर येत होती. तांड्यावर पोचेपर्यंत ती सोमलाच्या खांद्यावर डोकं टेकून होती. पुंजाजींनी सोमलाला खाली येऊ दिलं नाही. "जाय, तिच्यापाशी बस. दोनच चाकं हायत, मी काई लहान पोरगा नाई," ते म्हणाले. दिवस मावळत होता. पाऊस नव्हता. निता दारात खाटेवर पडून खाली बघत राहिली. दिवे पळसापाशी थांबले. भाकरी झाल्या, लेकरं जेवली, तरी ते तिथंच होते.

"दिवे हालून नाई राह्यले," निता म्हणाली.

सोमला पळत खाली गेला. पुंजाजी डाव्या चाकाला पाठ टेकून बसले होते. उजवं चाक बदललेलं होतं. डावंही चढवलेलं होतं, पाचांपैकी तीन नट आवळलेले. पान्हा हातात नव्हता, बाजूला नीट ठेवलेला होता. अंग अजून गरम होतं.

शनिवारी दुपारपर्यंत धम्मपाल आला. संध्याकाळी सगळं झालं. विहारातल्या माणसांनी त्रिशरण म्हटलं. पांगरखड्याची सगळी माणसं चिखलातून चालत आली होती. निताही येणार होती, सोमलानं तिला खाली उतरू दिलं नाही.

मंगळवारी सकाळी सातला धम्मपालनं जीप तांड्यावर नेली. जाताना पळसाखाली सोमला वाट पाहत उभा होता. धम्मपाल काही विचारायच्या आत त्यानं सपाट दगडावर जॅक ठेवला. कसं करायचं ते सोमलानं सांगितलं, धम्मपालनं केलं. त्यानं आणलेल्या टायरचे तुटलेले गट्टे त्यानं तिथं पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ तो त्यांवरून हात फिरवत होता.

त्या रात्री जेवताना तो आईला म्हणाला, "तीन वर्षं त्या गोट्यावर चालले, आई. बाबा दर रविवारी सांगत होते. मले खरं नव्हतं वाटत. लयच टिकले."

बेबीताईनं ताटात भाकरी वाढली. "लय टिकले," ती म्हणाली.

धम्मपालची रजा पंधरा दिवसांची होती. तो गेल्यावर निता आणि सोमलानं मालेगावात एक खोली घेतली. लेकरं तांड्यावर सासूपाशी राहिली. खोली स्टँडच्या जवळ आहे आणि तिथं नळाला पाणी चोवीस तास असतं. निताचं वजन पुन्हा वाढू लागलं आहे. दोन किलो, कधी तीन. नर्स रागावते.

जीप अंभोऱ्यांच्या अंगणात उभी आहे. चिखलाच्या टायरवर पुंजाजींनी ओढलेल्या शेवटच्या खडूच्या रेघा अजून पुसट दिसतात. कापांपैकी एकही रेघेबाहेर गेलेला नाही.

त्या शेवटच्या शुक्रवारी सोमलाला घरीच थांबवून पुंजाजी जीपमध्ये चढले, किल्ली फिरवली, मग पुन्हा थांबले. खाटेवर पडलेल्या निताकडे बघून त्यांनी एकदा हॉर्न वाजवला, कारण त्या सकाळचा वजनाचा अंदाज बरोबर निघाला होता. तिनं पडल्या पडल्या हात हलवला.

"मंगळवारी सातले येतो," ते म्हणाले. "पाणी मोजून पेजो, माय. नाईतं टायर मले सांगते."